पर्शियन मांजर आणि घराण्यातून येणारे आजार: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

गंगापूर रोड घ्या, सिडको घ्या नाहीतर नाशिकरोड, आता बिल्डिंगमागे एखादी तरी पर्शियन असतेच. घेताना लोक रंग बघतात, केस बघतात, नाक किती आत गेलंय ते बघतात, पण आईबापाच्या किडन्या कशा आहेत हे कोणीच विचारत नाही. मग मांजर पाच-सहा वर्षांचं होतं, अचानक पाणी जास्त प्यायला लागतं, वजन उतरतं, आणि सोनोग्राफीनंतर डॉक्टर जे सांगतात ते ऐकून घरातल्या पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांचा जीव तुटतो. यातलं बरंचसं टाळता येतं म्हणून हे लिहितेय. मी बरीच वर्षं पर्शियन पाळतेय, ओळखीतले लोक जे विचारतात त्याचीच उत्तरं खाली आहेत. औषध आणि डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पीकेडी पीकेडी म्हणतात ते नक्की काय असतं?

पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. मांजराच्या किडन्यांमध्ये पाण्याने भरलेल्या गाठी असतात, त्यांना सिस्ट म्हणतात, आणि पिल्लू जन्मतं तेव्हाच त्या आत असतात. सुरुवातीला एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, पिल्लू उड्या मारतं, खातं, पडद्यावर चढतं, सगळं नॉर्मल. पण वयाबरोबर या गाठी मोठ्या होत जातात, काही तर एक सेंटिमीटरच्याही वर जातात, आणि किडनीचा जो भाग रक्त गाळायचं काम करतो त्याचीच जागा खातात. किडनी फेल व्हायची लक्षणं सरासरी सात वर्षांच्या आसपास दिसतात, पण काहींना तिसऱ्या वर्षीच त्रास सुरू होतो आणि काही दहा वर्षं ओलांडतात. एकाच आईची दोन पिल्लं, दोघांनाही पीकेडी, तरी एक लवकर जातं आणि दुसरं म्हातारं होऊन जातं असंही होतं, कारण गाठी किती वेगाने वाढतील हे आधी सांगता येत नाही. काहींच्या लिव्हरमध्येही सिस्ट सापडतात.

पण मग पर्शियनलाच का? आपल्या गल्लीतल्या मांजरांना का नाही?

गल्लीतल्या मांजरांनाही क्वचित होतो, पण पर्शियनमध्ये तो घराण्यातच शिरलाय. ही ब्रीड आज जशी दिसते तशी ती इराणमध्ये तयार झालेली नाही, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅट शो सुरू झाले, १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठा शो झाला, आणि त्यानंतर लांब केसांच्या मांजरांचं निवडून निवडून ब्रीडिंग सुरू झालं. अशा ब्रीडिंगमध्ये एखादा देखणा बोका गाजला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी असतात, आणि त्याच्या एका खराब जीनची कॉपी शेकडो पिल्लांत जाते. आजार उशिरा दिसतो ही त्यातली खरी वाईट गोष्ट, तोवर त्या बोक्याची नातवंडं-पतवंडं झालेली असतात.

२००४ साली कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये लेस्ली लायन्स यांच्या टीमने पीकेडी१ नावाच्या जीनमधला तो बिघाड शोधून काढला. तेव्हा जगभरातल्या पर्शियनपैकी साधारण ३८ टक्के मांजरांना हा आजार असल्याचं मानलं जात होतं. म्हणजे दर पाचात जवळपास दोन! ज्यांच्या ब्रीडिंगमध्ये पर्शियनचं रक्त मिसळलंय त्यांनाही तो मिळालाय, हिमालयन, एक्झॉटिक शॉर्टहेअर, ब्रिटिश शॉर्टहेअर वगैरे. त्यामुळे "आमची पर्शियन नाही, एक्झॉटिक आहे" म्हणून गाफील राहू नका.

आईबाप दोघंही ठणठणीत दिसतात, मग पिल्लाला कसा होईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि गोंधळही इथेच आहे. पीकेडी डॉमिनंट पद्धतीने येतो, म्हणजे आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून जरी खराब कॉपी आली तरी पिल्लाला आजार होणारच. एक पालक पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह असेल तर प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत नाणेफेक, पन्नास टक्के. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर ज्या पिल्लांना दोन्हीकडून खराब कॉपी मिळते ती आईच्या पोटातच मरतात असं दिसलंय, आणि जी जिवंत जन्मतात त्यातल्या दर तीनातल्या दोघांना आजार असतो.

आता आईबापाचं वय किती असतं बघा, दोन वर्षं, तीन वर्षं. या वयात पॉझिटिव्ह मांजरही चकाचक दिसतं, केस चमकतात, भूक चांगली असते. म्हणून नुसतं दिसण्यावर जाऊ नका.

यातच एक चांगली बातमी पण आहे आणि ती मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते. हा आजार लपून पुढे जात नाही. निगेटिव्ह आई आणि निगेटिव्ह बाप असतील तर पिल्लांना हा जीन मिळायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे फक्त निगेटिव्ह मांजरांचंच मेटिंग करायचं ठरवलं तर त्या घरातून पीकेडी एका पिढीत संपतो. इतक्या सरळपणे संपवता येणारे आनुवंशिक आजार फार थोडे आहेत, आणि ज्या देशांत ब्रीडर्सनी टेस्टिंग लावून धरलं तिथे पॉझिटिव्ह मांजरांचं प्रमाण खाली आलंय.

टेस्ट कशी करतात? त्रास होतो का मांजराला?

दोन रस्ते आहेत. एक डीएनए टेस्ट. बारीक ब्रश किंवा स्वॅब गालाच्या आतून आणि हिरडीवरून थोडा वेळ फिरवतात आणि लॅबला पाठवतात, काही वेळा रक्ताचा नमुना घेतात. कुठल्याही वयात होते, पिल्लाचीही होते, फक्त दूध पिणारं पिल्लू असेल तर स्वॅबच्या आधी थोडा वेळ आईपासून वेगळं ठेवतात, नाहीतर आईच्या पेशी स्वॅबवर येतात आणि रिपोर्ट चुकू शकतो. आयुष्यात एकदाच करायची, जीन काही बदलत नाहीत.

दुसरी सोनोग्राफी. पोटाचे केस मशीनने काढतात, जेल लावतात, मांजराला आडवं धरतात आणि प्रोब फिरवतात. स्क्रीनवर चांगली किडनी एकसारखी करड्या रंगाची दिसते आणि सिस्ट असेल तिथे काळंकुट्ट गोल दिसतं, कारण आत पाणी आहे. एकदा ते काळे गोल बघितले की कोणी समजावून सांगायची गरजच राहत नाही. बहुतेक मांजरांना बेशुद्ध करायला लागत नाही, घरातलं माणूस डोक्यापाशी उभं राहून बोलत राहिलं की पडून राहतात. फक्त वयाचं लक्षात ठेवा, चार महिन्यांच्या पिल्लाची सोनोग्राफी क्लिअर आली तरी चारातली एखादी केस सुटू शकते, नऊ-दहा महिन्यांनंतर केलेली बरीच खात्रीची असते.

नाशकात सगळ्या पेट क्लिनिकमध्ये सोनोग्राफी मशीन नसतं, आणि असलं तरी मांजराच्या किडनीवर हात बसलेला डॉक्टर पाहिजे, म्हणून आधी फोन करून विचारून घ्या. केस किचकट असेल तर लोक मुंबईला परळला घेऊन जातात, तिथे व्हेटर्नरी कॉलेज आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल पण आहे. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटे निघा, कसारा घाट ऊन चढायच्या आत उतरलेला बरा, आणि कॅरियर कधीही बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नका.

ब्रीडर म्हणतो वॅक्सिन झालंय, डॉक्टरने फिट म्हणून सांगितलंय. तेवढं पुरे ना?

नाही. वॅक्सिनचं कार्ड म्हणजे वॅक्सिनचं कार्ड, त्याचा किडनीशी काही संबंध नाही. डॉक्टरने कान, डोळे, छाती तपासली, पिल्लू फिट आहे म्हणाले, तेही त्या दिवसापुरतं खरंच असेल, पण स्टेथोस्कोपने सिस्ट दिसत नाहीत. वंशावळीचा कागद असला तरी त्यावर फक्त नावं असतात. तुम्हाला हवाय आईचा आणि बापाचा पीकेडी रिपोर्ट, डीएनएचा असेल तर उत्तमच, आणि त्यावर मांजराचं नाव किंवा मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या बारीक चिपचा नंबर असला पाहिजे, नाहीतर कोणाचाही रिपोर्ट कोणाच्याही नावावर खपवता येतो.

बाप बाहेरचा आहे, मेटिंगसाठी दुसरीकडे नेलं होतं, असं सांगतात बऱ्याचदा. ठीक आहे, मग त्या बोक्याचा रिपोर्ट मागवून घ्या, किंवा पिल्लाचीच डीएनए टेस्ट करा आणि व्यवहार रिपोर्टनंतर करा. समोरचा चिडला तर चिडू दे. जो माणूस मनापासून मांजरं सांभाळतो त्याला हा प्रश्न आवडतो, हा माझा अनुभव आहे.

आणि दुकानातून घेणार असाल तर एक माहिती असू द्या, २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पंच फेस घेऊ की डॉल फेस?

डॉल फेस. माझं याबाबतीत मत पक्कं आहे आणि का ते सांगते.

पंच फेसमध्ये नाक डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याच्याही वर गेलेलं असतं, बाजूने बघितलं तर चेहरा सपाट. आपल्याला गोड दिसतं. पण कवटी आखूड केली म्हणून आतलं सामान कमी होत नाही, दात तेवढेच, जीभ तेवढीच, टाळूचा मऊ भाग तेवढाच, आणि सगळं अर्ध्या जागेत कोंबलेलं. नाकपुड्या फटीसारख्या बारीक होतात, म्हणून श्वास घेताना घर्रघर्र आवाज येतो, मांजर जेवताना मध्येच थांबतं कारण तोंड भरलेलं असताना नाकाने श्वास पुरत नाही. लोक म्हणतात आमची किती क्यूट घोरते, पण जागेपणीसुद्धा आवाज येत असेल तर तो त्रास आहे, डॉक्टरांना दाखवा, नाकपुड्या मोठ्या करायचं ऑपरेशन असतं आणि त्याने काही मांजरांना फार आराम पडतो.

दातांचं पण तेच. खालचा जबडा पुढे येतो, दात वाकडेतिकडे उगवतात, अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून जास्त पर्शियन मांजरांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०१९ ला एक अभ्यास आला, त्यात केसांच्या तक्रारी आणि दाता-हिरड्यांचे आजार सगळ्यात वर होते, आणि मृत्यूच्या कारणांमध्ये किडनीचा आजार पहिला.

बाळंतपणाचंही बघा, पिल्लांची डोकी मोठी आणि गोल, त्यामुळे पर्शियन अडते, सिझर करायची वेळ येते. डॉल फेसमध्ये नाक पुढे असतं, श्वास मोकळा असतो. फक्त डॉल फेस म्हणजे पीकेडी नाही असं अजिबात समजू नका, चेहऱ्याचा आणि त्या जीनचा काही संबंध नाही, रिपोर्ट तिथेही लागतोच.

डोळ्यांतून सारखं पाणी येतं, चेहऱ्यावर तपकिरी डाग पडलेत. इन्फेक्शन आहे का?

कधी कधी असतं, पण सपाट चेहऱ्यात बहुतेक वेळा घडणच तशी असते. डोळ्यांतलं पाणी नाकात नेणारी जी बारीक नळी असते ती सरळ जायच्या ऐवजी सुळ्याच्या मुळाखालून वळसा घेऊन जाते, मग पाणी उतरायला रस्ता नाही म्हणून गालावर येतं. रोज सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि नंतर कोरडं करायचं, ओलं राहिलं की कातडीला बुरशी धरते. माणसांचे डोळ्यांचे थेंब मनाने घालू नका, खास करून स्टेरॉइडवाले.

पण डोळा मिचकावत असेल, अर्धा बंद ठेवत असेल, किंवा बुबुळावर तपकिरी-काळा ठिपका दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याला कॉर्नियल सिक्वेस्ट्रम म्हणतात, बुबुळाच्या पुढच्या पडद्याचा तुकडा मेलेला असतो, पर्शियन आणि हिमालयनमध्ये जास्त होतो आणि दुखतो. घाण समजून कापसाने काढायचा प्रयत्न करू नका.

नाशिकचा उन्हाळा झेपतो का यांना?

आपलं नाशिक थंड हवेचं म्हणून मिरवायचे दिवस मे महिन्यात तरी राहिले नाहीत, पारा चाळिशी गाठतो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापला की रात्रीही घर भट्टी असतं. मांजर अंग चाटून आणि गार जागी पडून थंड होतं, फारच तापलं तर शेवटी धापा टाकतं, आणि ज्याचं नाकच आखूड आहे त्याला ते नीट जमत नाही, त्यावर तो केसांचा कोट. दुपारी बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून चारही पाय पसरून पडलेली पर्शियन तुम्ही बघितली असेल, ती तिच्या परीने उपाय करत असते, तिला तिथून उचलून सोफ्यावर आणू नका. बाथरूमचं दार उघडं ठेवा, कूलर नाहीतर एसी एका खोलीत तरी चालू ठेवा, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पोटाचे केस ट्रिम करून घ्या.

मांजर तोंड उघडं ठेवून कुत्र्यासारखं धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, झोकांड्या जात असतील तर ती इमर्जन्सी आहे. साध्या पाण्याने पाय, पोट, कान ओले करा, पंखा लावा, आणि दवाखान्यात निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे किडनी स्टोन होतो का?

पाण्याला दोष द्यायच्या आधी घराणं आणि खाणं बघा. पर्शियन आणि हिमालयनमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे इतर मांजरांपेक्षा जास्त होतात, आणि त्यात मांजर नुसतं ड्राय फूड खाऊन पाणी कमी पीत असेल तर लघवी घट्ट होते. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी द्या, फिल्टरचं द्या, बोअरचं द्या, मुद्दा जास्त पोटात जाण्याचा आहे. वेट फूड सुरू करा, ड्राय फूडमध्ये पाणी घाला, भांडं लिटरच्या ट्रेपासून लांब ठेवा, काहींना वाहतं पाणी आवडतं त्यांच्यासाठी फाउंटन आणा. बोका ट्रेमध्ये बसून जोर लावतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नका, लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो.

माझ्या मांजरीचा पीकेडी पॉझिटिव्ह आलाय. आता?

आधी शांत व्हा. पॉझिटिव्ह म्हणजे उद्या जाणार असं नाही. कितीतरी मांजरं पुढे अनेक वर्षं छान जगतात, तुम्हाला आता वेळेवर कळलंय हीच जमेची बाजू आहे.

सिस्ट घालवायचं औषध नाही, ऑपरेशनने पण उपयोग नाही कारण गाठी बऱ्याच असतात. करायचं असतं ते उरलेल्या किडनीला सांभाळणं. सहा महिन्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तसं, रक्त आणि लघवी तपासायची, ब्लड प्रेशर बघायचं, हो, मांजराचंही बीपी मोजतात, छोटा पट्टा पायाला किंवा शेपटीला लावून. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, नॉर्मल आलं म्हणून सगळे खूश होतात, पण ते वाढतं तेव्हा साधारण तीन चतुर्थांश किडनी कामातून गेलेली असते. एसडीएमए नावाची टेस्ट त्याच्या बरीच आधी इशारा देते, डॉक्टरांना विचारून ती पण करून घ्या.

घरी काय बघायचं? किचनचा वजनकाटा लहान पडतो, पण तुम्ही मांजर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक वहीत लिहा, महिन्यातून एकदा. एवढ्या केसांत वजन उतरलेलं डोळ्यांना दिसत नाही, पाठीच्या मणक्यावरून हात फिरवला की हाडं लागतात तेव्हा कळतं. लिटरमध्ये गोळे मोठे आणि जास्त व्हायला लागले, पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागलं, उलट्या, तोंडाला वास, खाण्याकडे बघून तोंड फिरवणं, यातलं काहीही दिसलं तर दुखणं अंगावर काढू देऊ नका. किडनी डाएट डॉक्टरने सांगितल्यावरच सुरू करा, त्यात फॉस्फरस कमी असतो. पुढच्या टप्प्यात कातडीखाली सलाइन द्यावं लागतं, ते घरीही शिकता येतं, मानेपाशी कातडी चिमटीत उचलून सुई आडवी घालतात, पहिल्यांदा हात थरथरतो मग सवय होते. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी, वय सत्तरच्या पुढे, आपल्या मांजरीला असं सलाइन देऊन सांभाळलं, खिडकीत बसवायच्या, बाटली पडद्याच्या रॉडला अडकवायच्या आणि ते संपेपर्यंत तिच्याशी गप्पा मारायच्या.

कुठल्या गोष्टी अजिबात द्यायच्या नाहीत?

पॅरासिटामॉल. एक गोळी मांजराचा जीव घेते, किडनी चांगली असो की वाईट. माणसांच्या इतर पेनकिलर पण नको, त्या किडनीवर थेट घाव घालतात. बुकेमधली लिलीची फुलं घरात आणू नका, पाकळी चावली किंवा अंगावर पडलेला पराग चाटला तरी किडन्या फेल होतात. कांदा-लसूण घातलेली ग्रेव्ही, रस्सा नको, कांद्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आपल्या जिल्ह्यात कांद्याशिवाय भाजी होत नाही म्हणून आपल्या ताटातलं देऊच नका. द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या किडन्यांना घातक आहेत हे पक्कं माहीत आहे, मांजरांपासूनही लांबच ठेवा, सीझनमध्ये घरोघरी पेट्या येतात तेव्हा जमिनीवर पडलेले मणी उचला. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, परमेथ्रिन असेल तर झटके येतात.

एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर मांजरी आजारी पडते म्हणतात?

हे खरं नाही. पिल्लं न झाल्याने कुठलीही मांजरी आजारी पडत नाही, उलट नसबंदीचं ऑपरेशन केलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो आणि पहिल्या हीटच्या, म्हणजे पहिल्यांदा माजावर यायच्या आधी केलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो. पीकेडी पॉझिटिव्ह असेल तर मेटिंग नाहीच, मग ती कितीही देखणी असू दे. टेस्ट केली नसेल तरी नाही. शेजारचे मागे लागतात, एक पिल्लू आम्हाला द्या ना, त्यांना सरळ सांगायचं की ज्या आजाराने ते पिल्लू तुमच्या मुलांसमोर झिजेल तो मी तुमच्या घरी पाठवणार नाही.

घरातल्याच भाऊ-बहिणीचं मेटिंग केलं तर? दोघंही सुंदर आहेत.

करू नका. पीकेडी तर एका कॉपीनेच होतो, पण रिसेसिव्ह आजारांना दोन कॉप्या लागतात आणि नात्यातल्या मेटिंगमध्ये त्या दोन्ही जुळायची शक्यता वाढते. पर्शियनमध्ये एक असा आजार आहे ज्यात डोळ्याचा पडदा लहानपणीच खराब होतो, प्रोग्रेसिव्ह रेटिनल अॅट्रोफी म्हणतात, दोन-तीन आठवड्यांपासून सुरुवात होते आणि चार महिन्यांच्या आसपास पिल्लू पूर्ण आंधळं होतं. आईबाप दोघांनाही चांगलं दिसत असतं. एआयपीएल१ या जीनची टेस्ट आहे त्याला, पीकेडीसोबतच सांगा लॅबला. नात्यातल्या मेटिंगने पिल्लं कमी होतात, कमजोर होतात हे आणखी वेगळंच.

हार्टचं पण काही असतं का? आणि भूल द्यायला धोका?

असतं. एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होतो. मेन कूनमध्ये त्याचा एक जीन २००५ ला सापडला आणि रॅगडॉलमध्ये २००७ ला वेगळा सापडला, त्या दोन ब्रीडसाठी डीएनए टेस्ट आहे. पर्शियनमध्येही एचसीएम दिसतो पण त्या टेस्ट पर्शियनला लागू पडत नाहीत, इथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. धाप लागणं, किंवा अचानक मागचे पाय लुळे पडून मांजर जोरात ओरडणं, ही त्याची गंभीर लक्षणं आहेत.

भूल आजकाल सुरक्षित असते, पण डॉक्टरांना आधी सांगा की पंच फेस आहे, घोरते, घरात पीकेडीचा इतिहास आहे. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासा, आणि शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोणीतरी थांबेल ना हे विचारून घ्या, कारण आखूड नाकाच्या मांजराला खरा त्रास भुलीसाठी श्वासनलिकेत घातलेली ट्यूब काढल्यानंतर होतो.

मग पर्शियन नको, स्कॉटिश फोल्ड घेतो. ते चालेल?

ते तर मुळीच नको. ते दुमडलेले कान म्हणजेच आजार आहे. १९६१ साली स्कॉटलंडमध्ये एका शेतावर सूझी नावाची दुमडलेल्या कानांची मांजरी सापडली, तिच्यापासून ही ब्रीड आली, आणि ज्या जीनमुळे कानाची कूर्चा मऊ पडते तोच जीन सगळ्या सांध्यांमधली कूर्चा बिघडवतो. दुमडलेले कान असलेल्या प्रत्येक फोल्डला कमी-जास्त प्रमाणात हा त्रास असतोच, शेपटी ताठ होते, पाय जाड होतात, उडी मारायचं सोडून देतात, आणि लोक म्हणतात किती शांत स्वभाव आहे. ती शांत नसते हो, तिला दुखत असतं. ब्रिटनच्या मुख्य कॅट रजिस्ट्रीने त्यांची नोंदणी कधीच थांबवली, नेदरलँड्समध्ये ब्रीडिंगला बंदी आहे. इथे टेस्ट करून चांगलं पिल्लू निवडा असा पर्यायच नाही.

देशी मांजर घेतलं तर या सगळ्यातून सुटका?

बरीचशी. देशी मांजरांत रक्त मिसळलेलं असतं, चेहरा मोकळा असतो, नाशिकची हवा त्यांना मानवते. वॅक्सिन, जंताचं औषध, नसबंदी तेवढीच लागते. नुसतं मांजर हवंय, ब्रीडचा हट्ट नाही, तर मी कायम देशीच सुचवते.

आजारी पर्शियनचा खर्च झेपत नाही, गोदाघाटावर सोडली तर लोक खायला घालतात ना?

नका सोडू. हात जोडून सांगते. घरात वाढलेल्या पर्शियनला पळता येत नाही, केसांचे गठ्ठे होऊन कातडी सोलून निघते, कुत्री पकडतात, आणि किडनीच्या पेशंटला दिवसभर पाणी मिळालं नाही तर काही दिवसांत खेळ संपतो. शिवाय पाळलेला प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. डॉक्टरांशी पैशांबद्दल मोकळं बोला, महागड्या टेस्ट मागे ठेवून गरजेपुरतं करतात बरेच जण. तेही जमत नसेल तर रिपोर्ट लपवून न ठेवता प्रामाणिकपणे नवीन घर शोधा, आजारी मांजर मुद्दाम घेणारी माणसं नाशकात आहेत, मी बघितलीत.

रिपोर्ट निगेटिव्ह आला! आता काही बघायला नको ना?

अभिनंदन, मनापासून. पीकेडीची काळजी संपली. बाकी केस रोज विंचरणं, दात, डोळे, उन्हाळा हे आहेच, आणि सात वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासा, कारण म्हातारपणी किडनी इतर कारणांनीही थकते. रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा, मूळ कागद वॅक्सिनच्या कार्डाला स्टेपल करा, आणि मायक्रोचिप नसेल तर बसवून नंबर त्यावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेटिंगसाठी कोणी विचारायला आलं तर तो कागद समोर ठेवा आणि मगच त्यांच्या बोक्याचा मागा.